आवाजावर आवाजाचा उतारा : उद्यमबागेतील कान आणि सक्रिय ध्वनिनियंत्रण

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या आणि क्वचित त्यांच्या मालकांच्याही तोंडी एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. उद्यमबागेत छोटी फौंड्री चालविणारे एक गृहस्थ आपल्या कामगाराचा ऑडिओग्राम हातात घेऊन मला विचारते झाले, “डॉक्टर, विमानात लावतात तसले आवाज खाणारे हेडफोन सगळ्यांना घेऊन दिले तर? आणि आता म्हणे खोलीतला आवाजच पुसून टाकणारी यंत्रेही निघाली आहेत. ती शेडमध्ये बसविली की काम झाले!” प्रश्न प्रामाणिक होता आणि खर्च करण्याची तयारीही होती. अशा माणसाला दोन वाक्यांत वाटेला लावणे योग्य नव्हे. त्यांना जे सविस्तर सांगावयाचे होते तेच या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणा सर्वांसमोर ठेवीत आहे. कारण हाच प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकाला विचारला जाणार आहे.

हे तंत्र खोटे नाही, जाहिरातबाजीही नाही. तंत्रज्ञ त्याला ‘अ‍ॅक्टिव्ह नॉइज कंट्रोल’ म्हणतात. आपण सक्रिय ध्वनिनियंत्रण म्हणू. मात्र ज्या आवाजावर ते उत्तम चालते तो आवाज आणि उद्यमबागेत ज्या आवाजाने माणसांचे कान जातात तो आवाज, हे दोन अगदी निराळे आहेत. हा फरक ध्यानात न घेता खरेदी झाली, तर पैसे तर जातीलच, पण कान सुरक्षित असल्याच्या भ्रमात कामगार अधिक वेळ गोंगाटात उभा राहील.

तत्त्व जुने, यंत्र नवे

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. एखाद्या जागी दाब वाढत असताना नेमका तेवढाच तो कमी करणारा दुसरा तरंग तेथे आणून सोडला, तर दोहोंची बेरीज शून्य होते. शाळेत आपण पाण्याच्या लाटांच्या आकृत्या काढीत असू. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसला की पृष्ठभाग सपाट. तेच येथे हवेत घडवून आणावयाचे असते. जर्मनीतील पॉल ल्यूग यांनी १९३३ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ साली त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्यांनी मांडलेली मुख्य रचना नळीची होती. नळीतून आवाज येतो, वाटेत मायक्रोफोन तो ऐकतो, आणि थोडे पुढे बसविलेला लाउडस्पीकर त्याच्या उलट आवाज सोडतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक मीटर जाण्यास त्याला तीन मिलिसेकंद लागतात. विजेचा संदेश त्याच्या कितीतरी आधी पोचतो. या तीन मिलिसेकंदांच्या आघाडीवर हे सारे शास्त्र उभे आहे.

त्या काळच्या व्हॉल्व्हच्या उपकरणांना हे काम झेपणारे नव्हते. १९५३ साली अमेरिकेत हॅरी ऑल्सन आणि एव्हरेट मे यांनी ऐकणाऱ्याच्या डोक्याजवळ मायक्रोफोन व स्पीकर ठेवून तेवढ्यापुरता शांत टापू निर्माण करून दाखविला. १९५६ साली विल्यम कॉनोव्हर यांनी मोठ्या विद्युत ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीवर हा प्रयोग केला. एका दिशेला आवाज उतरला. दुसऱ्या काही दिशांना तो पूर्वीपेक्षा वाढला. हा अनुभव मला फार बोलका वाटतो. कारण हे यंत्र आवाज गिळून टाकीत नाही. ते स्वतः आवाजच करते. जुळला तर शांतता, न जुळला तर दुप्पट गोंगाट.

पुढे १९६० साली बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी स्वतःची चूक मोजून स्वतःला सुधारीत जाणारी गणिती पद्धत दिली, आणि १९८० नंतर ती पद्धत सेकंदाला हजारो वेळा चालवू शकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप्स स्वस्त झाल्या. आजच्या यंत्रात म्हणून दोन मायक्रोफोन असतात. एक येणारा आवाज आधी ऐकतो, दुसरा उरलेला आवाज ऐकून ‘अजून इतके बाकी आहे’ असे कळवितो. मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा पुन्हा मोजून इन्शुलिनची मात्रा बदलीत राहावे, तसा हा प्रकार आहे. फक्त येथे मोजणी आणि मात्रा यांत क्षणाचाही अवकाश परवडत नाही.

हेडफोनची कथा अनेकांना ठाऊक असेल. मूळ बंगाली पित्याचे पुत्र असलेले अमर बोस हे १९७८ साली झुरिकहून बोस्टनला विमानाने जात असता इंजिनाच्या घरघरीत संगीत नीट ऐकू येईना, म्हणून विमानातच कागदावर आकडेमोड करू लागले. १९८९ साली वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट बाजारात आला. कप कानाला घट्ट बसलेला, स्पीकर कानाच्या पडद्यापासून बोटभर अंतरावर, आणि मधली हवा एवढीशी. ल्यूग यांच्या नळीइतकीच ही सोयीची जागा. विमानाच्या संपूर्ण केबिनमध्येही हे साधले आहे. १९९४ साली साब कंपनीच्या पंख्याच्या विमानांत ही यंत्रणा बसली. आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावर काही वर्षांपूर्वी जी क्यू-४०० जातीची विमाने येत असत, त्यांतील ‘क्यू’ हे अक्षर ‘क्वाएट’ या शब्दाचे आहे. त्यांच्या केबिनमध्ये लपविलेले मायक्रोफोन पंख्याचा घुमारा ऐकतात आणि विमानाच्या सांगाड्यावरचे कंपक उलट कंप देतात. पंखा एका ठरावीक गतीने फिरतो, त्यामुळे पुढच्या क्षणी काय आवाज येणार हे यंत्राला आधीच कळलेले असते. हा ‘आधीच कळलेला’ शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

दीड सेंटीमीटरचा प्रश्न

आता थोडा हिशेब. तो सोपा आहे आणि त्यावर सगळा निर्णय अवलंबून आहे.

सेकंदाला ५० कंपने असलेल्या आवाजाची, म्हणजे ५० हर्ट्झची, तरंगलांबी सुमारे ६.८ मीटर असते. १००० हर्ट्झची ३४ सेंटीमीटर. ४००० हर्ट्झची अवघी साडेआठ सेंटीमीटर. दोन तरंग एकमेकांस मारावयाचे तर त्यांची गाठ नेमकी पडावी लागते. पूर्ण तरंगाचे ३६० अंश मानले तर आवाज २० डेसिबलने उतरविण्यासाठी चूक सहा अंशांच्या आत हवी. १० डेसिबलसाठी अठरा अंशांच्या आत. चूक ६० अंशांची झाली की फायदा शून्य, आणि त्यापुढे गेली की आवाज वाढतो. ६० अंश म्हणजे तरंगलांबीचा सहावा भाग. ५० हर्ट्झला तो सव्वा मीटरच्या आतबाहेर येतो, म्हणजे माणूस खुर्चीत हलला-डुलला तरी चालते. ४००० हर्ट्झला तो दीड सेंटीमीटरही भरत नाही. कामगाराने मान किंचित वळविली की संपले.

खोलीत तर परिस्थिती आणखी कठीण. आवाज भिंती, पत्रे, फरशी यांवर आदळून सर्व दिशांनी येतो. अशा ठिकाणी एका मायक्रोफोनभोवती जो शांत गोळा तयार होतो, त्याचा व्यास तरंगलांबीच्या साधारण दहाव्या भागाइतका असतो. १०० हर्ट्झला ३४ सेंटीमीटर, म्हणजे एक डोके मावेल इतका. १००० हर्ट्झला साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे लिंबाएवढा. ४००० हर्ट्झला साडेआठ मिलिमीटर, वाटाण्याएवढा म्हणा. भिंतीवर लावले आणि खोली शांत झाली, असे यंत्र उच्च कंप्रतेसाठी का मिळणार नाही, याचे उत्तर या वाटाण्यात आहे. तेथे बुद्धीचा किंवा पैशाचा तुटवडा नाही. तरंगाची लांबीच आड येते.

कानाची बाजू

सहकारी डॉक्टरांना हे नव्याने सांगावयास नको, पण स्मरणिका घरोघरी जाते म्हणून लिहितो. गोंगाटाने जाणारे कान सर्व स्वरांना सारखे जात नाहीत. ऑडिओग्रामवर पहिला खड्डा ३००० ते ६००० हर्ट्झच्या दरम्यान, बहुधा ४००० हर्ट्झला पडतो. एक मोठे कारण आपल्या कानाच्या नळीतच आहे. सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली ही नळी बासरीसारखी ३००० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि तेवढेच स्वर वाढवून आत पाठविते. भर म्हणून अंतर्कर्णातील शंखाकृतीच्या तळाकडील केशपेशी, ज्या हे स्वर टिपतात, त्याच जास्त नाजूक. एकदा गेलेल्या केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

निसर्गानेही आपल्याला एक सक्रिय ध्वनिनियंत्रण दिले आहे. मोठा आवाज झाला की मध्यकर्णातील रिकिबीच्या हाडाला बांधलेला चिमुकला स्नायू आवळतो आणि हाडांची साखळी ताठ करतो. पण या संरक्षणाच्या मर्यादा पाहा. ते मुख्यतः एक-दोन हजार हर्ट्झच्या खालचे स्वर अडविते, आणि स्नायू पुरता आवळेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग तरी निघून जातो. हातोड्याचा घाव तोपर्यंत आत जाऊन पोचलेला असतो. इलेक्ट्रॉनिक यंत्राचे जे दोन उणेपण, नेमके तेच दोन उणेपण निसर्गाच्या यंत्राचेही! कानाच्या या उघड्या बाजूवरच कारखान्याचा आवाज वार करतो.

ग्लासगोचे टॉमस बार यांनी १८८६ साली बॉयलर बनविणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. साधन म्हणजे खिशातील घड्याळाची टिकटिक. पूर्ण निर्दोष कान त्यांना एकाचाही आढळला नाही. आज आपल्याकडे ऑडिओमीटर आहे, एवढाच काय तो फरक. रुग्णाची तक्रार तीच. मच्छे, पिरनवाडी, मजगाव, अनगोळ या भागांतून कामाला येणारी माणसे आपल्या बोलीत ती फार नेमकी सांगतात. “आवाज येतोय खरं, शब्द समजंना.” याहून चांगले वर्णन पाठ्यपुस्तकातही नाही. स्वर मंद्र असतात, ते पोचतात. स, श, च, फ, ठ यांची धार वरच्या कंप्रतेत असते, ती नाहीशी होते. ‘सात’ आणि ‘पाच’ यांतला फरक दुकानात कळेनासा होतो. मग माणूस बोलणे टाळू लागतो आणि घरचे म्हणतात, हा अलीकडे तुसडा झाला आहे.

पत्र्याखालचे आवाज

उद्यमबाग आणि आवाज यांचे नाते जुने आहे, किंबहुना बागेपेक्षाही जुने. शेजारची टिळकवाडी, म्हणजे जुन्या लोकांची ठळकवाडी, येथेच लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना होता आणि तेथूनच ते १९१० साली कुंडलच्या माळावर गेले. लोखंडाचे काम या मातीत मुरले आहे. आज येथे फौंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, मोटारींचे व पंपांचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत, आणि शेजारी गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालयही. या पत्र्याच्या छपराखाली उभे राहून डोळे मिटले तर आवाजाच्या दोन जाती वेगळ्या ओळखता येतात.

पहिली जात घुमणाऱ्या आवाजांची. ब्लोअर, धूर ओढणारे पंखे, त्यांच्या पत्र्याच्या नळ्या, पिस्टनचे कंप्रेसर, डिझेल जनरेटर, ट्रान्सफॉर्मर. मिनिटाला १५०० फेरे घेणारे चार सिलिंडरचे जनरेटर सेकंदाला ५० स्फोट करते, म्हणून त्याचा मुख्य सूर ५० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मर आपल्या विजेच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झला गुणगुणतो. हे आवाज एकसुरी, आधीच कळलेले, लांब तरंगांचे आणि बरेचसे नळीतून बाहेर पडणारे. सक्रिय नियंत्रणाला याहून सोयीचे सावज नाही. शिवाय फोम किंवा काचलोकर येथे फारशी कामाची नाही. ५० हर्ट्झचा तरंग नुसत्या फोमने शोषावयाचा तर त्याची जाडी दीड मीटरच्या वर जाईल. तेव्हा पंख्याच्या नळीत किंवा जनरेटरच्या धुरांड्यात असे यंत्र बसविण्यास शास्त्राची हरकत नाही. धूळ, उष्णता आणि काजळी यांत मायक्रोफोन किती दिवस टिकेल, हा मात्र व्यवहाराचा प्रश्न, आणि माझे मत विचाराल तर आमच्या भागात साधा, नीट मोजून बनविलेला लोखंडी सायलेन्सर अधिक वर्षे काम देईल.

दुसरी जात घावांची आणि फुत्कारांची. साच्यातून निघालेल्या ओतीव भागावरची चिकटलेली वाळू आणि कडा काढण्याचे फेटलिंगचे काम: हवेच्या दाबावर चालणारा चिपिंग हॅमर, ग्राइंडर, लोखंडी पेटीत धडाधड पडणारे कास्टिंग, शॉट ब्लास्टिंग, आणि काम झाल्यावर अंगावरची धूळ उडवायला वापरलेली दाबाची हवा. येथे कोणता घाव केव्हा पडेल ते यंत्राला आधी कळत नाही. सारी धार हजार हर्ट्झच्या वर. माझ्याकडे कान दाखवायला येणारे उद्यमबागेतील बहुतेक कामगार या दुसऱ्या जातीजवळ उभे असतात. पहिली जात त्यांना थकविते, डोके जड करते. बहिरे करणारी प्रामुख्याने ही दुसरी.

मग हेडफोन? घट्ट कपाचे हेडफोन वरचे स्वर काही प्रमाणात अडवितात, पण ते काम कपाचे आणि स्पंजाचे असते, आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचे नव्हे. इलेक्ट्रॉनिक्स साधारण हजार हर्ट्झच्या खालचा घुमारा १० ते २० डेसिबलने उतरविते. धोका येथेच आहे. घुमारा गेला की मेंदूला एकदम शांत वाटते, आणि कामगार समजतो की कान झाकले गेले. चार हजार हर्ट्झचा मारा मात्र स्पंज जितका रोखील तितकाच रुकतो. गाणी ऐकण्यासाठी विकत घेतलेला हेडफोन कर्णरक्षक म्हणून तपासलेला नसतो. त्यावर आवाजघटीचे प्रमाणित आकडे नसतात. बाजारात सक्रिय नियंत्रण असलेले खरे औद्योगिक इयरमफ मिळतात, पण त्यांची गरज जनरेटर-खोलीतल्या किंवा मोठ्या कंप्रेसरजवळच्या माणसाला. फेटलिंगवाल्याला नीट बसणारा साधा इयरमफ, किंवा पिळून खोलवर घातलेले फोमचे इयरप्लग, हे स्वस्त आणि सरस. फार गोंगाटात दोन्ही एकत्र.

हीच गोष्ट वडगाव, शहापूर, खासबाग भागांतील यंत्रमागांची. तेथे कारखाना आणि घर यांत एक भिंत असते, कधी तीही नसते. धोट्याचा ठोका हा घावच. तो उलट आवाजाने पुसला जाणार नाही. पण मागाखाली रबराचे तुकडे, मधल्या भिंतीची वरची फट बंद करणे आणि लहान मुलांची अंथरुणे दुसऱ्या टोकाच्या खोलीत नेणे, हे करता येते. विणकरांच्या घरी जाणाऱ्या आपल्या डॉक्टर मंडळींनी हे तीन शब्द अवश्य सांगावेत.

घरात आणि रुग्णालयात

या तंत्राची घरातील सर्वांत आशादायक बातमी मला सिंगापूरची वाटते. तेथेही आपल्यासारखीच उकाड्याची हवा, खिडकी मिटून बसणे शक्य नाही. नान्यांग तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली उघड्या खिडकीच्या गजांवर २४ छोटे स्पीकर बसवून बाहेरून येणारा रहदारीचा व रेल्वेचा आवाज सुमारे १० डेसिबलने उतरविल्याचे प्रसिद्ध केले. १० डेसिबल म्हणजे कानाला आवाज जवळजवळ निम्मा भासणे. येथे युक्ती अशी की अख्खी खोली शांत करण्याऐवजी आवाज ज्या दारातून येतो ते दारच धरले. तरीही मर्यादा राहिलीच: ३०० हर्ट्झच्या खाली छोटे स्पीकर अपुरे, हजाराच्या वर तरंग आखूड, आणि फटाके किंवा माणसांचा आरडाओरडा यांच्यासाठी ते नाही.

आपल्या व्यवसायात याचा विचार अधिक गांभीर्याने व्हावा असे मला वाटते. शस्त्रक्रियागृहातील हवा गाळणाऱ्या यंत्रणेचे ब्लोअर नळीतून जो घुमारा आत सोडतात तो ल्यूग यांच्या आकृतीचाच नमुना आहे. एमआरआयच्या बोगद्यात आवाज ११० डेसिबलपर्यंत, कधी वरही जातो. पण त्याचा क्रम यंत्रानेच ठरविलेला, म्हणून आधी कळलेला. त्यासाठी धातूविरहित सक्रिय हेडफोन उपलब्ध झाले आहेत. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात आवाज ४५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९७ साली सुचविले, आणि इन्क्युबेटरच्या आत मोटार-पंख्याचा घुमारा सतत असतो. इलिनॉयमधील सेन कुओ यांनी इन्क्युबेटरसाठी सक्रिय नियंत्रणावर काम केले. ही पेटी लहान आहे, बाळाचे डोके फारसे हलत नाही, आवाज मंद्र आहे. सर्व अटी जुळतात. पण इन्क्युबेटरवर ठेवलेली बाटली, धाडकन लावलेली झडप आणि डोक्याजवळ किंचाळणारा अलार्म हे घाव आहेत. पेटीवर घडी घातलेली जाड चादर आणि परिचारिकेचा हलका हात यांना तेथे पर्याय नाही.

आणखी एक खुलासा, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. कानात सतत वाजणारी शिट्टी या यंत्राने जाईल काय? जाणार नाही. ती शिट्टी हवेत नसतेच. कोणत्याही मायक्रोफोनला ती ऐकू येत नाही, मग तिच्या उलट काय सोडणार? उलट बाहेरचा आवाज पुसला गेल्याने शांततेत ती अधिकच जाणवते. अशा रुग्णाला रात्री पंख्याचा मंद आवाज चालू ठेवण्यास सांगावे. महागडा हेडफोन नव्हे.

कायदा आणि तपासणी

ध्वनीविरुद्धच्या लढ्यात आपल्या व्यवसायातील मंडळी महाराष्ट्रात आघाडीवर राहिली आहेत. मुंबईचे डॉ. यशवंत ओक १९८५ साली उच्च न्यायालयात गेले, ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली विस्तृत निकाल दिला. तो लढा मुख्यतः रस्त्यावरच्या आवाजाचा. छपराखालच्या आवाजाबाबत एक गोंधळ नेहमी आढळतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक भागासाठी दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल ही जी मर्यादा आहे, ती परिसराच्या हवेतील आवाजाची आहे; ग्राइंडरजवळ उभ्या माणसाच्या कानाची नव्हे. त्याच्यासाठी कारखाने कायद्याखालील नियमांनी आठ तासांस ९० डेसिबल ही सीमा घातली, आणि दर पाच डेसिबलला वेळ निम्मा केला: ९५ ला चार तास, १०० ला दोन, १०५ ला एक. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्था तर ८५ डेसिबलपासूनच सावध होते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. वैद्यकीयदृष्ट्या मला दुसरा हिशेब अधिक पटतो. गोंगाटाने आलेला बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्यात कळविण्याजोग्या रोगांच्या यादीत होता आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो ठेवला आहे. म्हणजे निदान केल्यावर कळविणे हे आपल्यावर, डॉक्टरांवर, बंधन आहे. ते किती जण पाळतात, याची चर्चा संस्थेच्या एखाद्या मासिक बैठकीत व्हावी.

त्या फौंड्रीमालकांना मी अखेर असे सुचविले: कंप्रेसर शेडच्या बाहेर वेगळ्या खोलीत हलवा, कास्टिंग पडतात त्या पेटीला व घसरगुंडीला जाड रबर लावा, हवा मारण्याच्या नळीला बारीक अनेक छिद्रांचे तोंड बसवा, फेटलिंग आणि मशीन शॉप यांच्यामध्ये विटांची भिंत घाला, आणि उरलेल्या पैशांतून इयरमफ व दरवर्षी एक तपासणी. कार्यालयाच्या खिडकीशेजारी असलेल्या पंख्याच्या नळीसाठी सक्रिय यंत्राची चौकशी जरूर करा, असेही सांगितले, कारण तेथे ते खरोखर शोभेल.

तपासणीबद्दल सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. नवीन कामगाराचा ऑडिओग्राम तो कामावर रुजू होण्यापूर्वीच काढावा, म्हणजे पुढच्या प्रत्येक आलेखाला तुलनेला आधार राहतो. तपासणीपूर्वी किमान चौदा तास त्याने गोंगाटापासून दूर असावे. पाळी सुटल्यावर थेट आलेल्या माणसाच्या कानाला तात्पुरता बधिरपणा असतो आणि आलेख फसवितो. साप्ताहिक सुट्टीनंतरची, कामावर जाण्याआधीची सकाळ सर्वांत उत्तम. ३००० आणि ६००० हर्ट्झ या कंप्रता वगळू नयेत. घाईच्या तपासणीत त्याच गळतात. आणि तपासणीच्या खोलीत पंखा किंवा वातानुकूलन यंत्र चालू असेल तर ते बंद करावे. त्यांचा घुमारा खालच्या कंप्रतांचे आकडे बिघडवितो, आणि तेथे कोणतेही सक्रिय यंत्र बसविण्यापेक्षा भिंतीवरचे बटण दाबणे सोपे आहे.